व्हिडिओ बघून भीती जाते का हो ताई?

मागच्या अंकात मी माझ्या पालीच्या भीतीबद्दल लिहिलं होतं. चाळिशी ओलांडलेली समुपदेशक बाई, बाथरूममध्ये पाल दिसली म्हणून टॉवेल घेऊन शेजारच्या काकूंकडे आंघोळीला गेली वगैरे. आणि मग यूट्यूबवर पालीचे व्हिडिओ बघून बघून ती भीती कशी उतरली हे शेवटी चार ओळीत टाकलं होतं. त्या चार ओळींनी घात केला बघा. सांगली, मिरज, सातारा, कऱ्हाड, कुठनं कुठनं पत्रं आली, मेसेज आले, एकीनं तर नाव नाही गाव नाही नुसतं "लिंक द्या" एवढंच लिहिलंय. लिंक देत नाही, कारण माझी पाल तुमच्या कामाची नाही, प्रत्येकाची भीती वेगळ्या मापाची असते. पण या वेळचं सगळं सदर याच विषयाला देऊन टाकते, चार पत्रं निवडलीत आणि शेवटी थोडं किरकोळ.

"ताई, २०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं, बोटीनं बाहेर काढलं आम्हाला. २०२१ ला परत आलं. आता जुलै लागला की माझं डोकं जाग्यावर राहत नाही. रात्री दोन-तीन वाजेपर्यंत मोबाईलवर आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती, कोयनेतून किती सोडलं, मग जुने पुराचे व्हिडिओ, हेच बघत बसतो. मिसेस म्हणती बघू नका, पण नाही बघितलं तर जास्त धडधडतं. कुणीतरी सांगितलं म्हणून झोपेसाठी मनःशांतीचे व्हिडिओ लावले तर त्यात पावसाचा आवाज! तुम्ही म्हणता व्हिडिओनं भीती कमी होते, मग माझी का वाढली?" – एक वाचक, वय ५२, कर्नाळ रोड, सांगली

दादा, पावसाच्या आवाजाचं वाचून आधी हसू आलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. ते व्हिडिओ बनवणाऱ्याच्या डोक्यात पाऊस म्हणजे खिडकीत चहाचा कप असतो, आणि तुमच्या डोक्यात पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की पहिला विचार काय, गॅसची टाकी वर टाका, कागदपत्रं पिशवीत भरा. त्यामुळं तो व्हिडिओ आधी बंद करा. पंख्याचा आवाज, तानपुरा, जुनी भजनं, रेडिओ, काहीही चालेल, पाणी सोडून.

आता मुद्द्याचं. मी पालीचे व्हिडिओ बघत होते आणि तुम्ही पुराचे, वरवर बघितलं तर एकच काम दिसतं, पण ते एक नाही. मी दिवसा, ठरवून, एकच व्हिडिओ, एकाच जागी बसून बघायचे आणि धडधड उतरेपर्यंत उठायचे नाही. तुम्ही पातळी बघता तेव्हा काय होतं, आकडा दिसला की क्षणभर हायसं वाटतं, अजून आली नाही, बरं झालं. ते हायसं वाटणं हीच खोड आहे. मेंदूला वाटतं बघितलं म्हणून वाचलो, मग दहा मिनिटांनी तो परत म्हणतो बघ की एकदा. आणि मोबाईल तर टपूनच बसलेला, एक पुराचा व्हिडिओ संपायच्या आत दुसरा आपोआप चालू, तो बिहारचा का केरळचा का २००५ चा हे रात्री दोन वाजता कुणाला कळतंय, पाणी सगळीकडं सारखंच गढूळ. असं बघून भीती कधी उतरणार नाही, कारण ती उतरायच्या आत तुम्ही पुढच्यावर गेलेले असता.

तुमच्या भीतीला नुसता फोबिया म्हणून मी उडवून लावणार नाही हे पण सांगते. पाल मला खाणार नव्हती. कृष्णा तुमच्या घरात खरंच आली होती, दोनदा. तेव्हा पातळी बघूच नका असं म्हणणं म्हणजे मूर्खपणा आहे. बघा, पण दोनदा बघा, सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला, जिल्हा प्रशासन जो आकडा देतं तो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहा आणि मोबाईल मिसेसकडं द्या. आयर्विनजवळ इशारा पातळी ४० फूट आहे आणि धोक्याची ४५, तुम्हाला हे पाठ असणारच, २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेली होती हेही. मग कागदावर लिहून काढा, किती फुटाला काय करायचं. गाडी कुठं लावायची, आई कुणाकडं जाणार, कागदपत्रांची पिशवी कुठली. तुमच्या गल्लीत पाणी किती फुटाला शिरतं ते शेजाऱ्यांना विचारून त्याच्या आधीचा आकडा धरा. आकडा त्या रेघेच्या खाली असेल तर रात्री करण्यासारखं काहीच नाही, झोपायचं. पहिले चार-पाच दिवस हात शिवशिवतील, तसं होणारच, तेवढे काढा.

व्हिडिओचा खरा उपयोग पावसाळ्यात नाहीच तुम्हाला. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, नदी खाली गेलेली असते तेव्हा. दुपारची वेळ, मिसेस शेजारी, दोन मिनिटांची एक क्लिप, आधी आवाज बंद करून. बघायच्या आधी भीतीला शून्य ते शंभरमध्ये मार्क द्या, समजा सत्तर. तीच क्लिप परत, परत, परत. सत्तरचे पस्तीस होईपर्यंत उठायचं नाही. दुसऱ्या दिवशी तीच. ती क्लिप बघून तुम्हाला कंटाळा आला पाहिजे, जांभई आली पाहिजे, मग आवाज चालू करून. आणि मग मोबाईल खिशात टाकून घाटावर जायचं संध्याकाळी, पाण्याच्या पायरीपर्यंत, आयर्विनवरनं चालत पलीकडं जाऊन यायचं. ते नाही केलं तर व्हिडिओ बघणं अर्धवट राहतं, स्क्रीनवरच्या पाण्याला घाबरायचं बंद होतं आणि खऱ्याला तसंच राहतं.

एक मात्र नीट वाचा. तो दिवस नुसता आठवत नाही तर आत्ता चाललाय असं वाटतं, बोटीतली स्वप्नं पडतात, दचकून उठता, कुणी बादली ओतली तरी अंगावर काटा येतो, असं असेल तर तो आघात आहे आणि त्यावर घरच्या घरी व्हिडिओचे प्रयोग करायचे नाहीत. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. लगेच कुठं जाता येत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

"मॅडम, वय २३. मला रक्त काढायला गेलं की चक्कर येते. माझ्या पप्पांना पण येते, काका पण असेच आहेत. नोकरीच्या मेडिकलसाठी रक्त द्यायचं होतं म्हणून आठ दिवस रोज रिलॅक्सेशनचे व्हिडिओ बघून तयारी केली, खांदे सैल, जबडा सैल, शरीर हलकं होऊ द्या. लॅबमध्ये खुर्चीत बसून तस्संच केलं आणि सुई टोचायच्या आधीच आडवी झाले. लॅबमधला दादा हसला. मेडिकल परत आहे पुढच्या महिन्यात." – गोडोली, सातारा

त्या दादाला हसू दे, तू हुशारीनंच केलंस, फक्त चुकीच्या आजाराचं औषध घेतलंस आणि ते चुकीचं आहे हे व्हिडिओवाल्यानं सांगितलं नाही, कारण त्याला बहुतेक माहीतच नसावं.

बाकी सगळ्या भीतींमध्ये काय होतं, साप दिसला, कुत्रा दिसला, की ठोके वाढतात, बीपी चढतं. अशा माणसाला चक्कर सहसा येत नाही, त्याला पळावंसं वाटतं. रक्त, सुई, जखम यांची भीती मात्र उलटी चालते, आधी जरा चढतं आणि मग बीपी आणि ठोके धाडकन खाली येतात, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस खाली. आणि ही घराण्यात चालणारी गोष्ट आहे, पप्पा आणि काका म्हणालीस ना, बऱ्याच जणांकडं असंच असतं. आता तूच सांग, बीपी पडायच्या बेतात असताना अंग सैल सोडलं तर काय होणार. अजून पडणार.

तुला आवळायचं शिकायचंय. स्वीडनमधल्या ऊस्त नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात ही पद्धत बसवली आणि फार सोपी आहे. खुर्चीत बस, दोन्ही मुठी, दंड, पोट, मांड्या एकदम घट्ट आवळ, दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम व्हायला लागला असं वाटेपर्यंत. मग सोड, पण अंग ढिलं टाकायचं नाही, नेहमी बसतो तसं बसायचं, वीस-तीस सेकंद. परत आवळ. असं पाच वेळा, दिवसातनं चार-पाचदा, आठवडाभर. श्वास मात्र कोंडायचा नाही, चालू ठेवायचा. बीपीचा किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचार.

पुढच्या आठवड्यात व्हिडिओ आण मध्ये. रक्त काढतानाचे साधे व्हिडिओ भरपूर आहेत, नर्सिंग शिकवणारे, ते बरे असतात कारण त्यात नाटक नसतं, एक बाई शांतपणे रबरी पट्टा बांधते आणि शीर चाचपते. पलंगावर टेकून बस, पडलीस तरी लागणार नाही. पट्टा बांधण्यापर्यंत बघ आणि थांबव. पोटात कसंतरी झालं, घाम आला, कान बंद झाल्यासारखे वाटले की लगेच आवळ, बघत बघत आवळ. मग सुई आत जाईपर्यंत. मग नळी लाल होईपर्यंत. रोज थोडं पुढं, आणि प्रत्येक वेळी गडबड सुरू व्हायच्या खुणा ओळखायच्या, त्याच खरं शिकायच्या आहेत.

मेडिकलच्या दिवशी जेवून गेलेलं चालत असेल तर जेवून जा, पाणी भरपूर पी, आणि आत गेल्यागेल्या सांग, "मला चक्कर येते, झोपवून घ्या." हे सांगायला लाजू नकोस, त्यांना रोज कुणी ना कुणी भेटतंच असं. ज्या हातातनं रक्त काढतात तो हात तेवढा सैल ठेव, बाकी सगळं आवळ. आणि मला कळव काय झालं ते, पुढच्या अंकात छापते.

"माहेर सातारा शहर, सासर शिराळा तालुक्यात, मळ्यात घर. मला सापाची इतकी भीती की दोरी पडलेली दिसली तरी ओरडते. आमचे हे म्हणतात सवय होईल आणि जेवताना समोर मोबाईल धरतात, सर्पमित्रांचे व्हिडिओ, नाग पकडताना. मी ताट टाकून उठते. आता ह्यांनी मोबाईल हातात घेतला तरी छातीत होतं."

अहो वहिनी, म्हणजे आधी सापाची भीती होती आणि आता मोबाईलची पण लागली! बत्तीस शिराळ्याच्या मुलखात नांदायला गेलात, जिथं नागपंचमीला नागाला भाऊ मानतात, तिथं घरच्यांना तुमची भीती म्हणजे नखरे वाटत असणार हे मी समजू शकते. पण हे पुढचं भावजींसाठी, वाचून दाखवा त्यांना: मोबाईल ज्याला भीती वाटते त्याच्याच हातात पाहिजे. कधी चालू करायचं, कधी थांबवायचं, हे तिनं ठरवायचं. दुसऱ्यानं अचानक समोर धरलेला व्हिडिओ सवय लावत नाही, धसका लावतो.

याची एक जुनी गोष्ट आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स नावाच्या अमेरिकन बाईनं पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या पोराची सशाची भीती घालवली. पोराला खुर्चीत बसवून आवडीचं खायला द्यायचं आणि पिंजऱ्यातला ससा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवायचा. पोरगं खातंय ना निवांत, मग पुढच्या खेपेला जरा जवळ. असं करत करत ते पोरगं शेवटी सशाला हात लावायला लागलं. भावजींनी ताट तेवढं बरोबर पकडलं, फक्त नाग एकदम ताटातच आणून ठेवला.

तुमचा खोलीचा दुसरा कोपरा कुठला ते तुम्ही ठरवा. कुणाचा लहान मुलांच्या पुस्तकातलं चित्र असतो. माझ्या पालीचं सांगते, मी पहिल्यांदा व्हिडिओ लावला तेव्हा आवाज बंद, स्क्रीन छोटी करून कोपऱ्यात, फोन टीपॉयच्या पलीकडच्या कडेला आणि मी सोफ्यावर, आणि लांबनंच अंगठा आडवा धरून पाल झाकायची आणि नुसती भिंत बघायची. दोन दिवस मी फक्त भिंत बघितली. तिसऱ्या दिवशी शेपटी. तुम्ही पण तसंच, आधी चित्र, मग फोटो, मग धामणीचा लांबनं काढलेला व्हिडिओ निम्म्या स्पीडनं, मग नेहमीच्या स्पीडनं, मग आवाजासकट. फणा-बिणा सगळ्यात शेवटी. आणि ते नागाची पप्पी घेणारे, गळ्यात घालून रील बनवणारे, ते बघूच नका, ते शौर्य नाही, व्ह्यूजचा धंदा आहे.

आणि सगळी भीती घालवायची पण नाही हं. मळ्यात राहताय, थोडी राहू दे. रात्री बॅटरी घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, गवतात पायात बूट, सरपणात हात घालायच्या आधी काठीनं हलवायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, हे चार ओळखायला शिका, व्हिडिओवरनं हे चांगलं शिकता येतं. कुणाला चावलाच तर तडक दवाखाना, तिथं मिळणारं विषावरचं इंजेक्शन (प्रतिविष) या चारांवर चालतं. दोरी बघून ओरडणं गेलं की आपलं काम झालं.

"साताऱ्याहून दर सोमवारी एसटीनं पुण्याला जातो. आनेवाडीचा टोलनाका गेला की खंबाटकीच्या बोगद्याच्या विचारानंच हातपाय गार, श्वास अडकतो, वाटतं आता अटॅक येणार. येताना घाटानं येतो तर काही नाही. श्वासाचे व्हिडिओ बघतो बसमध्ये, उपयोग शून्य." – वय ३१

आधी एकदा ईसीजी, थायरॉईड, हिमोग्लोबिन करून घे, वय एकतीस असलं तरी. सगळं नॉर्मल आलं तर रिपोर्ट कपाटात ठेव आणि परत परत करत बसू नकोस.

मग हे लक्षात घे की बोगदा मिनिटभरात संपतो, तुझी भीती मात्र भुईंजपासून चालू होते. भीतीचा झटका काही मिनिटांत टोकाला जातो आणि तू काहीही केलं नाहीस तरी उतरतो, तासभर तसाच वर राहत नाही. श्वासाचा व्हिडिओ तू बसमध्ये, बुडायला लागल्यावर लावतोस, पोहणं असं शिकतात का कुणी. घरी शिक, रोज रात्री पाच मिनिटं, नाकानं चार मोजत आत, सहा मोजत हळूच बाहेर, बाहेरचा लांब पाहिजे. पंधरा दिवसांनी मोबाईलशिवाय जमायला लागेल.

आणि बोगद्याचेच व्हिडिओ बघ, गाडीच्या पुढच्या काचेतनं काढलेले बरेच आहेत. रविवारी रात्री कानात हेडफोन घालून, लाईट बंद करून, वीस वेळा आत जा आणि बाहेर ये. छातीत धडधडलं तर धडधडू दे, ते व्हावं म्हणूनच लावलाय. सोमवारी बसमध्ये मात्र फोन खिशात, खिडकीची सीट घे आणि बोगद्यात डोळे उघडे ठेव. आतले दिवे मोज हवं तर.

आता किरकोळ.

मिरजेच्या एका आजींनी विचारलंय की मराठीत असं बोलणारं कुणी आहे का. आहे की, ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेचं 'आवाहन' म्हणून यूट्यूब चॅनेल आहे, डॉ. आनंद नाडकर्णींची संस्था, नातवाला लावून द्यायला सांगा. बाकी कुणाचाही व्हिडिओ लावताना बोलणारा माणूस कोण, काय शिकलेला, आणि शेवटी तो काय विकतोय एवढं बघा. "सात दिवसांत भीती गायब" म्हटलं की मी तरी पुढं जात नाही.

विट्याच्या एकांनी कळवलंय की गोळ्या बंद करून व्हिडिओवर भागवतोय. नका हो. ज्यांनी गोळ्या दिल्यात त्यांना विचारल्याशिवाय एक गोळी पण कमी करायची नाही, व्हिडिओ बघा बिनधास्त, पण गोळीच्या जोडीला.

आणि कऱ्हाडच्या पाचवीतल्या एका मुलीनं, आईच्या मोबाईलवरनं, विचारलंय, "मावशी, तुमची पाल अजून आहे का?" आहे बाळा. ट्यूबलाईटच्या मागं राहते, पावसाळ्यात पाकोळ्या आल्या की सात वाजता बाहेर येते, मी पोळ्या लाटत असते तेव्हा. अजून हात लावलेला नाही आणि लावणार पण नाही. परवा तिची शेपटी तुटून ओट्यावर पडली आणि वळवळत होती, तेव्हा मात्र लाटणं तिथंच टाकून काकूंकडं गेले.